बाद झालेला कोट

पावसाळा लागला कीं आपल्या शाळेच्या व्हरांड्यांत ओल्या रेनकोटांची रांग लागते. त्या रांगेकडे पाहिलें म्हणजे मला एका हिरवट कोटाची आठवण होते, आणि खरें सांगावयाचें तर थोडी लाजही वाटते.

कांहीं वर्षांपूर्वीं श्रावणांत आठवीच्या मुलांना घेऊन सिंहगडावर जावयाचें ठरलें. वर्गांतील एका मुलापाशीं रेनकोट नव्हता. त्यापायीं तो मागें राहणार, हें मीं त्याच्या मुद्रेवरून ताडलें आणि जुन्या बाजारांतून सैन्यांतून बाद झालेला म्हणून विकला जाणारा एक कोट आणला. कापड जाड, शिवण दुहेरी, बटणें भक्कम. विक्रेता म्हणाला, "मास्तर, फौजेचा माल! त्यांत पाहायचें काय?" मींही पाहिलें नाहीं.

आतकरवाडीहून आम्हीं चढूं लागलों. अर्ध्या वाटेवर मुसळधार पावसानें गांठलें. पुणें दरवाजाशीं पोहोंचलों तेव्हां तो मुलगा दांत आवळून उभा होता. ओठ निळसर पडले होते, हात कांपत होते. कोट उघडून पाहतों तों आंतला सदरा पिळून काढावा इतका ओला! खांद्याच्या शिवणीवरील आंतली पट्टी सुटली होती, आणि घडी मोडली होती तेथें रबराचा थर फुटला होता. गडावरील एका झोपडींत त्याचे ओले कपडे काढून कोरडे घातले, घोंगडी पांघरविली, गरम चहा पाजला. हळूहळू त्याच्या अंगांत ऊब आली. "अरे, आधीं कां नाहीं सांगितलेंस?" मीं विचारलें. तो म्हणाला, "सर, कोट तुम्हीं दिला होता."

तें उत्तर मनाला लागलें. पुढें या विषयाची जी माहिती मिळविली, ती थोडक्यांत देतों.

चार्लस मॅकिंटॉश यानें 1823 सालीं दोन कापडांमध्यें रबराचा थर घालून जलरोधक कापड केलें. अशा कोटांत पाऊस शिरत नाहीं, पण घामही बाहेर पडत नाहीं. म्हणून चढणीवर माणूस आंतूनच भिजतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत मँचेस्टर येथील शर्ली इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनीं व्हेंटाइल नांवाचें सुती कापड सिद्ध केलें. त्याची वीण इतकी दाट कीं भिजतांच सूत फुगतें आणि छिद्रें बुजतात. थंड समुद्रांत पडणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांसाठीं तें वापरलें गेलें. पुढें 1969 सालीं अमेरिकेंत बॉब गोर यांनीं, तव्यांना लावतात तें टेफ्लॉन झटक्यानें ताणून, त्याचा सूक्ष्म छिद्रांचा पडदा केला. त्यांतून पाण्याचा थेंब आंत येत नाहीं, पण घामाची वाफ बाहेर जाते. पुढें सैनिकांच्या कोटांतही असा पडदा आला.

परंतु सैन्याचा शिलकी माल दोन प्रकारचा असतो. एक, गरजेहून अधिक झाला म्हणून न वापरतां काढलेला. दुसरा, वापरून झिजला म्हणून टाकलेला. बाजारांत दोहोंचें नांव एकच. न वापरलेला कोटही वर्षानुवर्षें घडींत दमट जागीं राहिला तर त्याचा थर तडकतो किंवा चिकट होतो. म्हणून कोट उलटा करून शिवणीवरील पट्ट्या पाहाव्या. आंतला थर बोटानें चोळावा; पापुद्रे निघाले तर कोट तेथेंच ठेवावा. शक्य असल्यास पाठीच्या कापडाची झोळी करून तींत तांब्याभर पाणी ओतावें आणि घटकाभर वाट पाहावी. कोट घेतल्यावर त्यावरील सैनिकी चिन्हें काढून टाकावीं. आपण सैनिक आहों असें लोकांना वाटावें म्हणून तसा वेष घालणें हा कायद्यानें गुन्हा आहे.

पुढच्या पावसाळ्यांत मीं दुसरा कोट आणला. या खेपेस तो स्वतः घालून पटांगणांत भर पावसांत अर्धा तास उभा राहिलों. मुलें खिडक्यांतून हंसत होतीं. सदरा कोरडा राहिला, तेव्हांच तो त्या मुलाच्या हातीं दिला.

पालकहो, दुसऱ्याला द्यावयाची वस्तु आधीं आपण पारखून पाहावी. आणि मुलांनो, मिळालेला कोट गळत असेल तर निःसंकोच सांगा; त्यांत देणाऱ्याचा अपमान होत नाहीं.