चाळीतला कोंब

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव पाहून आम्ही दोघे मित्र चहाला बसलो. महाविद्यालयासाठी पाच मिनिटांचा चित्रपट करायचा होता. "भाव पडला की शेतकरी रडतो, तेच दाखवू," मी म्हणालो. मित्र शेतकऱ्याचा मुलगा. तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "वडिलांना रडताना मी कधी पाहिले नाही. ते रोज चाळीत जाऊन कांदा चाचपतात."

मला त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके आठवले. १९१२ साली त्यांनी वाटाण्याच्या अंकुराची वाढ कॅमेऱ्याने टिपून 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल मिळवले. तो अंकुर आशेचा होता. भावाची वाट पाहणाऱ्या चाळीत मात्र कोंब म्हणजे नुकसान. आमचा चित्रपट ठरला : एक कांदा, एक कोंब आणि रोज चाचपणारा एक हात.