दोघांची खोली

दहा बाय दहाची खोली, त्यात अंगानं भराभर वाढणारी दोन मुलं. थोरल्याचे पाय सहा फुटी पलंगाबाहेर यायला लागलेत. म्हणून नवा दुमजली पलंग सव्वासहा फुटांचा, लोखंडी चौकटीचा. सागवानापेक्षा कितीतरी स्वस्त, शिवाय पोरांच्या उड्या सोसतो. वरच्या गादीच्या वर कठडा मात्र चांगला वीतभर यायलाच हवा. तिथे काटकसर नाही. गादीची जाडी धरून माप घ्या, असं वेल्डरला दोनदा बजावलंय.

भिंतींना ऑइल बाउंड डिस्टेंपर. प्लास्टिक पेंटपेक्षा खर्च कमी, आणि हाताचे डाग ओल्या फडक्यानं हलकेच पुसले जातात. रंगावरून दोघांची जुंपली होती, शेवटी फिका पिवळा ठरला. कार्टूनचे स्टिकर नकोतच. दोन वर्षांत पोरं त्यांना कंटाळतात आणि काढताना रंगाचे पोपडे निघतात.

काल थोरल्यानं हळूच विचारलं, ‘‘आई, माझ्या पलंगाला पडदा लावता येईल?’’ केवढा मोठा झाला! एवढ्याशा घरात त्यालाही स्वतःची जागा हवी, हे पटलंच मला. सुती साडी आहे, सळई टाकली की झालं. धाकट्याला कुलूपवाला खण हवाय. तोही देणार आहे.