सांगोल्याचे मत

पत्र पहिले
सांगोला (जि. सोलापूर), रविवार

तीर्थरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार.

सांगोला हा एकाच माणसाचा मतदारसंघ, असे महाराष्ट्रात सर्रास म्हटले जाते आणि आपणही तसेच म्हणत आला आहात; परंतु येथील निवडणुकांचा इतिहास १९६२पासून ओळीने पाहिला, तर ते म्हणणे अर्धेच खरे ठरते. शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे शेकापचे, गणपतराव देशमुख येथून अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेले आणि त्यांतील अकरावा विजय २०१४ साली, वयाच्या ८८व्या वर्षी मिळाला, हे खरेच आहे. मात्र याच मतदारांनी त्यांना १९७२ आणि १९९५ असे दोन वेळा घरी बसवले. पहिल्या पराभवानंतर काँग्रेसच्या आमदारांच्या निधनामुळे १९७४ साली पोटनिवडणूक, म्हणजे मुदतीच्या मध्येच रिकाम्या झालेल्या जागेपुरती निवडणूक, झाली आणि तीत देशमुख पुन्हा निवडून आले. दुसऱ्या पराभवानंतरही १९९९ साली तालुका त्यांच्याकडेच परतला. दोनदा तुटून पुन्हा जुळलेल्या या नात्याला आंधळी निष्ठा म्हणणे सांगोलेकरांवर अन्याय करणारे आहे.

शेकाप हा स्वातंत्र्याच्या सुमारास केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदी बहुजन समाजातील काँग्रेसजनांनी उभा केलेला डाव्या विचारांचा पक्ष होय. पुढे त्याचे कित्येक नेते काँग्रेसमध्ये परतले, तरी रायगड आणि सांगोला येथे त्याची मुळे टिकली. ती केवळ जातीच्या आधारावर टिकली, असे उत्तर सहज दिले जाते. देशमुख धनगर समाजाचे होते आणि तालुक्यात त्या समाजाची वस्ती मोठी आहे, हे नाकारता येत नाही. परंतु मराठा व अन्य समाजांच्या मतांवाचून अकरा विजय शक्य नव्हते, आणि आमदार असूनही एसटीने प्रवास करणारा हा माणूस वाडीवस्तीवरच्या कुणालाही थेट भेटत असे, ही गोष्ट जातीच्या हिशेबात बसत नाही.

आज जनावरांच्या बाजारात खिलार बैलांचे, म्हणजे या माणदेशी पट्ट्यातील पांढऱ्या, उंच शिंगांच्या गोवंशाचे, सौदे चालू होते. घेणारा आणि विकणारा यांचे हात उपरण्याखाली जातात, बोटे दाबून भाव सांगितला जातो आणि भोवती कोंडाळे करून उभ्या असलेल्यांना आकडा कळत नाही. निवडणुकीचा विषय निघाला की हीच माणसे दुसऱ्या गावाच्या मतदानाबद्दल भरभरून बोलतात, स्वतःच्या घराबद्दल मात्र अवाक्षर काढत नाहीत.

पत्र दुसरे
आटपाडी (जि. सांगली), मंगळवार

सांगोल्याच्या मतदानाची किल्ली आटपाडीत सापडते, कारण पाण्याचे राजकारण तालुक्याची शीव ओळखत नाही. हा सगळा प्रदेश पर्जन्यछायेतला, म्हणजे सह्याद्रीने पाऊस अडवल्यामुळे कोरडा राहिलेला, असून कृष्णेचे पाणी येथवर आणायचे तर ते पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवावे लागते. यालाच उपसा सिंचन म्हणतात. टेंभू आणि म्हैसाळ या अशा दोन योजना होत. त्या पूर्ण व्हाव्यात म्हणून १९९०च्या दशकात नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख आणि भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने तेरा दुष्काळी तालुक्यांची चळवळ उभी राहिली आणि आटपाडीच्या पाणी परिषदा तिचे व्यासपीठ झाल्या. मतदाराने येथे पक्षाचा जाहीरनामा वाचून नव्हे, तर कालव्याचे काम कुठवर आले हे पाहून मन बनवले, असा निष्कर्ष काढणे वावगे ठरणार नाही. आणि ही राजकीय समज शहरी सुशिक्षितांच्या समजेपेक्षा कमी प्रतीची मानण्याचे कारण नाही.

पत्र तिसरे
सांगोला, गुरुवार

पाणी आले तसे डाळिंब वाढले आणि डाळिंबाबरोबर शेतकऱ्याच्या अपेक्षाही बदलल्या. २०२० साली देशातील शंभरावी किसान रेल्वे येथूनच बंगालकडे निघाली. मात्र तेल्या, म्हणजे फळावर तेलकट काळे डाग पाडून ते तडकवणारा जिवाणूजन्य रोग, आणि झाडच वाळवून टाकणारी मर यांनी कित्येक बागा बसवल्या. कर्ज काढून बाग लावलेल्या तरुणाला पाण्यासाठीच्या त्या जुन्या चळवळीची आठवण पुरेशी वाटत नाही, आणि तशी अपेक्षा त्याच्याकडून करणेही बरोबर नाही.

२०१९ साली देशमुख स्वतः उभे राहिले नाहीत. त्यांचे नातू अनिकेत देशमुख शिवसेनेच्या शहाजीबापू पाटलांकडून अवघ्या ७६८ मतांनी पराभूत झाले. १९९५ साली आजोबांना हरवणारेही हेच पाटील, तेव्हा ते काँग्रेसचे होते. २०२१ साली गणपतरावांचे निधन झाले आणि २०२४ साली दुसरे नातू बाबासाहेब देशमुख शेकापकडून विजयी झाले. त्या निवडणुकीत पक्षाला राज्यभरात मिळालेली ही एकमेव जागा. लढत तिरंगी होती आणि दरम्यान फुटलेल्या शिवसेनेच्या दोन्ही गटांचे उमेदवार समोरासमोर होते, त्यामुळे हा विजय किती पक्षाचा, किती घराण्याचा आणि किती विरोधकांच्या फाटाफुटीचा, हे एका निकालावरून ठरवणे घाईचे होईल.

लोकसभेचे चित्र तर निराळेच आहे. सांगोला ज्यात मोडतो त्या माढा मतदारसंघाने २००९ आणि २०१४ साली राष्ट्रवादी काँग्रेस, २०१९ साली भाजप आणि २०२४ साली शरद पवारांची राष्ट्रवादी असे कौल दिले. शेकापचा खासदार तेथून कधीच गेला नाही. विधानसभेला आपला माणूस आणि लोकसभेला वारे, असा हा दुहेरी हिशेब असून बाजारातल्या म्हाताऱ्यांना त्यात काहीच विसंगत वाटत नाही.

उद्या म्हैसाळच्या कालव्याने जतकडे जाणे आहे. मातोश्रींस साष्टांग दंडवत, मुलांस आशीर्वाद. कळावे.