बाळंतपणाला कोण जाणार?

तुमच्या घरात कुणाला दिवस गेले की पहिला प्रश्न कोणता येतो? आमच्याकडे तो ठरलेला आहे. बाळंतपणाला कोण जाणार?

गेल्या वर्षी त्याचं उत्तरच सापडेना. माझी मावसबहीण, आमची ताई, नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असते. मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं त्याच महिन्यात आलं. तिकडे घरात ताई आणि जिजू दोघंच. मावशी फोनवर रडायची आणि ताई म्हणायची, "अगं आई, इथे विमा आहे." मावशी आणखी चिडायची. "विमा काय बाळाला न्हाऊ घालणार आहे?"

खरं सांगू? घातलं!

नेदरलँड्समध्ये २००६ च्या कायद्याने प्रत्येकाला आरोग्य विमा सक्तीचा आहे. तिथे राहायला गेलात की चार महिन्यांत तो घ्यायचा, आणि हप्ता मात्र पहिल्या दिवसापासूनचा भरायचा. नाही घेतला तर आधी सरकारी पत्र येतं, मग दंड. ताईला सुरुवातीला हे मुळीच आवडलं नव्हतं. महिन्याला माणशी दीडशे युरोच्या आसपास हप्ता, शिवाय वर्षातले पहिले ३८५ युरो आपल्याच खिशातून. धडधाकट माणसाला ते टोचणारच.

पण सक्ती कंपन्यांवरही आहे. मूळ विम्यात काय काय असावं हे सरकार ठरवतं, आणि तो मागणाऱ्या कुणालाही कंपनी नाही म्हणू शकत नाही. वय विचारून, साखर मोजून हप्ता वाढवता येत नाही. ज्या कंपनीकडे आजारी माणसं जास्त, तिला सामाईक निधीतून जास्त पैसे मिळतात. अठरा वर्षांखालच्या मुलांना तर हप्ताच नाही. मला वाटतं, ही दुसरी बाजू पहिलीशिवाय टिकलीच नसती. आजारी पडल्यावरच विमा घ्यायची मुभा असती, तर आधी कोण भरणार?

आता त्या न्हाऊ घालण्याबद्दल. त्या मूळ विम्यातच 'क्रामझोर्ख' नावाची सोय आहे. बाळ झालं की एक प्रशिक्षित बाई आठवडाभर रोज काही तास घरी येते. तासाला थोडे युरो आपले, बाकी विम्याचे. नाव मात्र गरोदरपणातच लवकर नोंदवावं लागतं. ताईकडे आलेली बाई बाळंतिणीचा ताप बघायची, टाके बघायची, दूध पाजताना बाळाला कसं धरायचं ते शिकवायची. बाळाला आंघोळ घालायला तिने जिजूंना लावलं. पाहुणे आले तर चहाचंही बघायची!

पाहुण्यांना तिकडे टोस्टवर लोणी लावून त्यावर साखरेत घोळलेली बडीशेप देतात. मुलगी झाली तर गुलाबी-पांढरी, मुलगा झाला तर निळी-पांढरी. बडीशेपेने दूध येतं असं तिथल्या जुन्या बायका मानत. हे ऐकल्यावर मावशी पहिल्यांदा हसली. "म्हणजे आपल्या बाळंतशोपाच की गं!"

मला त्या बाईचं कौतुक वाटलं, पण जास्त हेवा वाटला. आपल्याकडे स्कूटरला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, स्कूटर चालवणारीच्या तब्येतीला नाही. मी कंत्राटावर लिखाण करते, त्यामुळे ऑफिसचा विमा नाही. म्हणून मी दोन पॉलिसींचे कागद मागवले. एकीत बाळंतपणाचा खर्च मिळायला आधी दोन वर्षं थांबायचं आहे, दुसरीत बाळंतपण धरलेलंच नाही. बाबांना मधुमेह आहे असं सांगितल्यावर दोन्हीकडून हप्ता वाढवून आला.

तिसरीचे कागद काल आलेत. बाबांना चष्मा लावून वाचायला बसवलंय.