आमची नायिका

नवऱ्याची भूमिका मी पन्नासहून अधिक वर्षे करीत आलो आहे. पण रंगभूमीवर पहिले पाऊल टाकले ते नायिका म्हणून!

साल 1968. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. गणेशोत्सवातल्या नाटकासाठी घरची मुलगी कोण पाठवणार? त्यामुळे नऊवारी माझ्या नशिबी आली. तालमीला मास्तरांची भाची येऊन बसे. तिला नटी व्हायचे होते. सारंगखेड्याच्या दत्तयात्रेत लोक घोडे पाहत, तर ही तमाशाच्या कनातीभोवती घुटमळे. एकदा मी पदर सावरताना धडपडलो, तशी ती हसून म्हणाली, “तुमले जमाव नही!” आणि माझा सगळा प्रवेश तिने घडाघडा म्हणून दाखवला. लुगडे तिच्याकडे गेले. नायक हिवतापाने आडवा झाला होता, म्हणून फेटा माझ्या डोक्यावर आला. प्रयोगात प्रेमाची कबुली देताना मी भाषण विसरलो. ती हळूच म्हणाली, “खरं तेच बोला.” मी बोललो. टाळ्या पडल्या, पुढे अक्षताही पडल्या.

यात नवे काही नाही. 1913च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळक्यांना नटी मिळेना, तारामती झाले ते साळुंके. पाठोपाठच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला पडद्यावर आल्या. पुढे कमलाबाईंनी लग्न केले ते रघुनाथराव गोखल्यांशी. तेही आधी स्त्रीभूमिकाच करीत! पण त्या जोडप्याने संसार आणि नाटक दोन्ही केले. आमचे घोडे तिथेच अडले.

लग्नानंतर एका फिरत्या नाटकमंडळीने हिला बोलावले. मी नाही म्हटले नाही, हो! मी एवढेच म्हणालो, “दिवाळी होऊ दे.” दिवाळी झाली, मग संक्रांत, मग बारसे. मंडळी निघून गेली. ‘मी कधी अडवले नाही’ असे मी चारचौघांत अभिमानाने सांगत आलो. ही तेव्हा पोळ्या लाटत असे आणि काही बोलत नसे.

गेल्या कोजागिरीला गल्लीतल्या बायकांनी नाटुकले बसवले. आमची सौभाग्यवती नायिका आणि मी प्रॉम्प्टर. ती एक शब्द चुकली नाही. मीच वही विसरून तिच्याकडे पाहत राहिलो. घरी आल्यावर तोंडावरचा रंग पुसता पुसता तिने विचारले,

“अहो, झाली का हो तुमची दिवाळी?”