बिन्यानची इतिहासकर्ती

मनिलेहून दक्षिणेची वाट धरली, म्हणजे कारखाने आणि नव्या वसाहती यांच्या गर्दीतून लागुना सरोवराच्या पश्चिम तीरावरील बिन्यान शहर लागते. स्पॅनिश अंमलात येथील सुपीक भातशेती डोमिनिकन साधूंच्या जहागिरीत मोडे आणि रयत ती खंडाने कसत असे. बाजारात आजही तांदळाचा वाफवलेला ‘पुतो’ मिळतो. इडलीसारखा फुगलेला, चवीला गोड, आणि वर खारवलेल्या अंड्याची चकती. राष्ट्रपुरुष होसे रिझालचे बालपणीचे काही शिक्षण याच गावी झाले, आणि त्याचे स्पॅनिश लेखन पुढे इंग्रजीत आणणाऱ्यांपैकी एक, एन्कार्नासिओन अल्सोना, १८९५ साली येथेच जन्मली. तिच्यासाठीच मी ही वाट वाकडी केली होती.

न्यायाधीशाची ही कन्या फिलिपिन्स विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण पुरे करून सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेली, आणि १९२३ साली कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवणारी पहिली फिलिपिनो स्त्री ठरली. तत्पूर्वी १९१९ मध्येच तिने स्त्रियांच्या मताधिकारासाठी विधिमंडळाला लेखातून आवाहन केले होते. मताधिकाराने गृहसौख्य लयाला जाईल, अशी ओरड करणाऱ्यांना तिने व्याख्यानपीठावरून नव्हे, तर दप्तरांतून उत्तर दिले: १९३४ च्या आपल्या ग्रंथात तिने दाखवून दिले, की स्पॅनिश येण्यापूर्वी या बेटांवरील स्त्री मालमत्ता बाळगीत होती आणि समाजात मानाने वागत होती, म्हणजे मागणी परकी नव्हती, परकी होती ती बंधनेच.

तरीही १९३३ साली कायद्याने मंजूर झालेला हा हक्क १९३५ च्या राज्यघटनेने रोखून धरला, आणि किमान तीन लाख स्त्रियांनी अनुकूल कौल दिला तरच तो मिळेल, अशी अट घातली. ३० एप्रिल १९३७ रोजी ४,४७,७२५ स्त्रियांनी होकार दिला, नकार देणाऱ्या ४४,३०७ निघाल्या.

जपानी अंमलात अल्सोना मनिलेतच राहून प्रतिकाराच्या चळवळीत सामील झाली. पुढे १९८५ मध्ये तिला ‘राष्ट्रीय शास्त्रज्ञ’ हा किताब मिळाला, आणि वयाच्या १०५ व्या वर्षी, २००१ साली, तिने देह ठेवला. हक्क मागणाऱ्या पुष्कळ असतात. तो हक्क पूर्वापार आपलाच होता, हे पुराव्यानिशी सिद्ध करणारी विरळा, आणि अल्सोनाचे मोठेपण नेमके यातच आहे.