आमच्या हीटपंपाची तक्रार



आपल्या कोकणात पेसाख येतो तो ऐन उन्हाच्या दिवसांत. इथे न्यूझीलंडला सगळं उलटं. पेसाखला थंडीची चाहूल लागते आणि रोश हाशानाच्या सुमारास झाडांना पालवी फुटते. त्यामुळे मुंबईत ‘एसी’ म्हटलं की गारवा आठवतो, तर इथे आठवते ती ऊब. भिंतीवरचं तेच यंत्र उन्हाळ्यात खोली गार करतं आणि हिवाळ्यात गरम. इथे त्याला हीटपंप म्हणतात. या हीटपंपापायी आम्हां म्हातारा-म्हातारीला एक तक्रार करावी लागली, तिची ही हकीकत.

आम्ही वेलिंग्टनजवळ लोअर हटला राहतो. घर स्वतःचं, जुनं, लाकडी. आमच्या ह्यांना बरीच वर्षं दम्याचा त्रास आहे. थंड देशांत घरात निदान १८ अंश ऊब असावी, आणि म्हातारी माणसं, लहान मुलं व आजारी माणसं यांना त्याहून जास्त लागू शकते, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितलं. इथल्या सरकारनेही २०१९ च्या नियमांत भाड्याच्या घरांच्या बैठकीच्या खोलीसाठी १८ चाच आकडा धरला. पण घर आपलं असलं की काळजी आपणच घ्यायची.

२०२२ च्या जूनमध्ये हीटपंप गार वारा फेकू लागला. सकाळी खोलीत १३ अंश! आम्ही परवाना असलेला ठेकेदार बोलावला. त्याचं नाव इथे देत नाही, कोणाची बदनामी करायची नाही. तो आला, यंत्राला घड्याळं लावून बघितली, म्हणाला, “गॅस संपलाय.” गॅस भरला, २८० डॉलर घेतले. खोली गरम झाली. आम्ही खुशीत त्याला चहा आणि नानखटाई दिली.

ऑगस्टमध्ये पुन्हा तेच. पुन्हा तो आला, पुन्हा “गॅस संपलाय,” आणि या वेळी ३२० डॉलर. त्याच महिन्यात ह्यांचा दमा उसळला आणि तीन रात्री इस्पितळात काढाव्या लागल्या. थंडीमुळेच झालं असं आम्ही शपथेवर सांगणार नाही. पण त्या रात्री खोली गार होती, हे खरं.

२०२३ च्या मे महिन्यात तिसऱ्यांदा यंत्र थंड पडलं. आता तो फोनवरच म्हणाला, “मशीन जुनं झालं, नवीन घ्या.”

मुलांनो, इथे जरा थांबून हीटपंपाचं पोट समजून घेऊ या. त्यातला गॅस स्टोव्हच्या गॅससारखा जळत नाही. तो तांब्याच्या बंद नळ्यांतून फिरत राहतो. बाहेरच्या हवेतली ऊब उचलतो, घरात आणून सोडतो आणि परत बाहेर जातो. अगदी आपल्या शरीरातल्या रक्तासारखा. मग तो संपेल कसा? कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय. आम्ही मुंबईच्या इस्पितळात शिकाऊ नर्स होतो, तेव्हा रोग्याचं रक्त कमी झालं की बाटली तर लावायचोच, पण रक्त जातंय कुठे हेही शोधायचो. नुसत्या बाटलीवर बाटली लावत बसलो असतो तर मेट्रनने आम्हांला वॉर्डाबाहेर काढलं असतं! आणि हा गॅस हवेलाही बरा नाही. आमच्या यंत्रातला आर-४१०ए एक किलो हवेत गेला तर दोन टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. न्यूझीलंडने २०२० पासून अशा वायूंची आयात टप्प्याटप्प्याने कमी करायला घेतली, ती याच कारणाने.

एवढं कळूनही आम्ही गप्प बसलो. का? सवय! परक्या देशात आलो, मीठभाकर मिळाली, आता कशाला कोणाशी भांडण? ह्यांचंही तेच म्हणणं, “जाऊ दे, सहाशे डॉलर गेले तर गेले.” शेवटी आमची नात म्हणाली, “आजी, वॉर्डात तुझ्या पेशंटला कोणी असं केलं असतं, तर तू गप्प बसली असतीस का?” या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

तिनेच कायदा वाचून दाखवला. इथे १९९३ चा ग्राहक हमी कायदा आहे. पैसे घेऊन घरगुती काम करणाऱ्याने ते योग्य काळजीने आणि कौशल्याने केलं पाहिजे, ज्यासाठी सांगितलं ते साधलं पाहिजे. काम चुकलं तर आधी त्याच माणसाला दुरुस्तीची संधी द्यायची. त्याने ती वाजवी वेळात केली नाही, तर दुसऱ्याकडून करून घेऊन खर्च मागता येतो. भारतातही १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि मुंबई ग्राहक पंचायत तर १९७५ पासून काम करते आहे. पण तिथे असताना आम्ही कधी त्या वाटेला गेलो नाही.

आम्ही पत्र लिहिलं, रागाचा एक शब्द न घालता. दोन तारखा, दोन बिलं, आणि “कृपया गळती शोधून द्या, दहा दिवसांत कळवा.” उत्तर आलं, “माझ्याकडे परवाना आहे. काम नियमाप्रमाणे झालं आहे.” परवाना खराच होता. विजेचं काम करणाऱ्यांची नोंद इथे कोणालाही पाहता येते, ती आम्ही पाहिली. पण तो परवाना विजेच्या कामाचा. गळती शोधली की नाही, हे परवाना कसा सांगणार?

मग दुसरा कारागीर आणला. त्याने नळ्यांत नायट्रोजन दाबून भरला आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. बाहेरच्या पेटीजवळच्या पितळी नटापाशी बारीक बुडबुडे येऊ लागले. मुलं फुगे काढतात ना, तस्से! त्याने नळीचं तोंड कापून नवीन सांधा केला, गॅस भरला, फोटोसकट लेखी दिलं आणि ४१० डॉलर घेतले.

सगळे कागद घेऊन आम्ही डिस्प्यूट्स ट्रिब्युनलकडे अर्ज केला. हे लहान दाव्यांचं न्यायासन १९८८ च्या कायद्याने चालतं. तिथे न्यायाधीश नसतात, रेफरी असतात. वकील आणत नाहीत, आपलं आपणच सांगायचं. इंग्रजी जड जात असेल तर दुभाषा मागता येतो. तारखेच्या आदल्या रात्री आम्हांला झोप नव्हती. ह्यांनी तर ठेवणीतला कोट काढला!

आत एक साधं टेबल, पलीकडे तो ठेकेदार. तो म्हणाला, “मधल्या काळात यंत्र ठीक चाललं होतं.” तेव्हा आम्ही आमची वही पुढे केली. पस्तीस वर्षं तापाचे तक्ते भरलेला हात स्वस्थ बसतो थोडाच? जून २०२२ पासून रोज सकाळी सातला खोलीत किती अंश, ते आम्ही लिहून ठेवलं होतं. गॅस भरल्यावर १९, मग हळूहळू १८, १७, १५, १३. रेफरीबाईंनी पानं उलटून पाहिली आणि त्याला विचारलं, “गळती तपासली होती का?” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “नाही. त्या दिवशी सहा घरं करायची होती.”

आम्ही सगळे १,०१० डॉलर मागितले होते. रेफरीबाई म्हणाल्या की सांध्याच्या दुरुस्तीचा खर्च तुम्हांला कसाही आलाच असता, तो तुमचा. गॅसचे ६०० डॉलर त्याने परत द्यावेत. आम्हांला ते पटलं. जे आपलं नाही ते कशाला हवं? जाताना तो दाराशी थांबला आणि ह्यांना म्हणाला, “तुमची तब्येत कशी आहे?” ह्यांनी त्याच्याशी हात मिळवला.

मुलांनो, कोकणात आपल्या पूर्वजांना ‘शनिवार तेली’ म्हणत, हे तुम्ही ऐकलं असेल. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद. तेल्याचं सगळं काम मापावर. मापावर सरकारचा शिक्का असला, तरी ते काठोकाठ भरायचं काम हाताचं. परवाना म्हणजे तो शिक्का. माप भरलं की नाही ते घेणाऱ्याने बघावं, आणि कमी पडलं तर शांतपणे सांगावं. त्यात भांडण नाही, आणि आपण या देशाचे पाहुणेही आता राहिलो नाही.

आमच्या वयाच्या वाचकांना एवढीच विनंती, बिल जपून ठेवा, तारीख लिहा, आणि “गॅस संपलाय” म्हणाला की विचारा, “गेला कुठे?”

आज सकाळी सातला खोलीत २० अंश आहेत. वहीत तसं लिहिलं आहे.